सायकलला आवतन

जगात जे जे म्हणून स्क्रूनं जोडलेलं आहे, ते ते आमचे साडू एक ना एक दिवस उघडणार, याबद्दल आमच्या दोन्ही घरांत कोणाला शंका उरलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी आणि त्यांच्या बायकोला ताई म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. नोकरी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत. तिथं म्हणे ते दिवसभर खाली मान घालून काम करतात आणि टेबलाच्या ड्रॉवरचं कुलूपसुद्धा उघडत नाहीत. पण घरी येऊन शर्ट खुंटीला अडकवला की हात पान्याकडे गेलाच. त्यांचं म्हणणं सरळ आहे. "दुकानातून आणली म्हणून वस्तू आपली होत नाही, भाऊ. एकडाव खोलली का मंग आपली होते." या न्यायानं घरातला मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, देवघरातली विजेची समई आणि मागणी नसताना शेजाऱ्यांची दारावरची घंटाही त्यांची झालेली आहे. उन्हाळा तोंडावर आला की सारं नागपूर कूलर लावतं, तेव्हा आमचे साडू तो उघडतात. पुन्हा जोडल्यावर दोन-चार नट उरतातच. ते बिस्किटांच्या डब्यात टाकताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं, कारण कंपनीनं घाबरून जास्तीचे लावलेले असतात, आपल्या कूलरला त्यांची गरज नव्हती, हे आता सिद्ध झालेलं असतं.

त्यांचा आवडता शब्द 'धरा'. त्यांच्याकडे कोणी बसायला म्हणून जाऊच शकत नाही, धरायला जातो. दारात चप्पल काढेपर्यंत आतून आवाज येतो, "आले का? बरं झालं. धरा बरं जरा." मग तुम्ही ओले असा, कोरे असा, उपाशी असा, हातात पंख्याचं पातं किंवा गीझरचं बूड येतं आणि भाऊजी 'आलोच' म्हणून पेचकस शोधायला जातात. एकदा एक दूरचे नातेवाईक मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. त्यांनी कूलरचा पंप इतका वेळ धरला की पत्रिका द्यायचंच राहून गेलं, ती खिशातच परत गेली. भाऊजी लग्नाला आले नाहीत म्हणून त्या गृहस्थांनी त्यानंतर जो राग धरला आहे, तो मात्र अजून सोडलेला नाही.

अशा माणसाच्या घरात एकच वस्तू न उघडलेली होती. ती म्हणजे रेवाची सायकल. रेवा ही त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात असताना तिनं शिकवण्या करून ही डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड टायर, आणि पुढं चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग नि तेल भरलेले दोन पाय, ज्यांना मिळून फोर्क म्हणतात. खड्डा आला की तो दबतो आणि पुन्हा वर येतो. पहाटे दोघं गोरेवाड्याच्या तलावाकडे जायची, ती या सायकलवर आणि भाऊजी कचेरीत जायच्या जुन्या काळ्या सायकलवर. नागपूरचे सगळे खड्डे रेवाच्या फोर्कमध्ये आणि भाऊजींच्या कमरेत जमा होत गेले. तिच्या सायकलला मात्र त्यांनी कधी पाना लावला नाही. "ते पोरीची हाये," एवढंच म्हणत. मग रेवा नोकरीसाठी पुण्याला गेली, सायकल गॅलरीत उभी राहिली आणि तिचा फोर्क जाम झाला. दर रविवारी भाऊजी ती पुसायचे. हँडलवर जोर देऊन पाहायचे. फोर्क ढिम्म हलायचा नाही.

दुकानदारानं सांगितलं, फोर्कच बदला, आणि या मॉडेलचा आता मिळत नाही. तिकडून रेवाचा फोन आला, "बाबा, उगीच जागा अडवून राहिली ती. देऊन टाका ना कोणाला. मी पोळ्याला येते तेव्हा बघू." ताईंच्या भिशीतल्या एका बाईंनी सायकल आपल्या मुलासाठी मागूनही ठेवली होती. त्या संध्याकाळी भाऊजींनी मला बोलावलं आणि पहिल्यांदाच हातात काही धरायला दिलं नाही. गॅलरीत उभं राहून म्हणाले, "भाऊ, हे सायकल गेली का पोरगी पाहुणी झाली समजा. मंग ते येईन, सोफ्यावर बसन, चाय पेईन आन् जाईन." मग हँडलवर पुन्हा एकदा जोर देऊन म्हणाले, "खोलल्याबिगर कसं समजन, फोर्क गेला का नाही गेला?"

पोळ्याच्या आधी फोर्क हलला पाहिजे, असं ठरलं. मोबाइलवर कोण्या गोऱ्या माणसाचा व्हिडिओ होता. तो हसत हसत सगळं उलगडून ठेवायचा, त्यामुळे भाऊजींना तो जन्मोजन्मीचा भाऊ वाटू लागला. तेलाची बाटली मागवली. तिच्यावर लिहिलं होतं, टेन वेट. "वेट म्हणजे वजन," भाऊजींनी मला समजावलं, "दहा ग्राम. सरळ एक तोळा सांगून राहिला तो." आता तोळा म्हटल्यावर घरचा भाजीचा काटा कसा चालणार? आम्ही इतवारीत, रेवाच्या बांगड्या घडवणाऱ्या सराफाकडे गेलो. बाटली मी धरली होती. सराफानं विचारलं, "काय आणलं, जुन्या सोन्याची मोड हाये का?"

"तेल," भाऊजी म्हणाले. "एक तोळा उजव्याले, एक तोळा डाव्याले. काटा बरोबर पहा, पोरीचा मामला हाये."

सराफानं अख्ख्या आयुष्यात इतक्या गंभीरपणे काही तोललं नसेल. दोन चिमुकल्या डब्या त्यानं गुलाबी कागदात गुंडाळून दिल्या आणि सवयीनं विचारलं, लग्न कधी आहे.

सर्विसिंगचा दिवस उजाडला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. चाक काढलं, फोर्क सुटा केला, खालचे बोल्ट सैल केले आणि मला हुकूम झाला, "धरा." कपडे बडवायच्या मोगरीनं भाऊजी त्या बोल्टांवर अलगद ठोके मारू लागले. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून कण्हल्यासारखा आवाज आला, खालचे दोन्ही पाय सुटून माझ्या हातात आले आणि त्यांतलं जुनं काळं तेल माझ्या पँटवर सांडलं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पँटसाठी नव्हे. "पहा भाऊ, कसं सुकून गेलं होतं बिचारं आतून," ते म्हणाले.

धुऊन पुसून सगळं ओळीनं मांडलं. फोर्कच्या तोंडाशी असलेल्या रबरी सीलच्या खाली तेल धरून ठेवायला काळ्या स्पंजच्या दोन कड्या असतात, त्या भाऊजींनी धुऊन दोरीवर चिमट्यानं वाळत घातल्या होत्या. पाहतो तर एकच उरली होती. गॅलरी झाडून झाली, कुंड्या उचलून झाल्या, बिस्किटांचा डबा उपडा करून झाला. भाऊजी मटकन खाली बसले. एका कडीवाचून फोर्क जोडता येईना आणि संध्याकाळी रेवा येणार होती. तेवढ्यात ताई बाजारातून आल्या. "काय शोधून राहिले एवढं?" म्हणत त्या पिशवी ठेवायला वाकल्या, आणि त्यांच्या अंबाड्यावर ती कडी दिसली.

"अवं, हे डोक्याले काय लावलं?"

"दोरीवर रबर दिसलं, लावलं. घट्ट नाही बसत मेलं."

भाऊजींनी ती कडी अशी हलक्या हातानं सोडवली की त्यांच्या लग्नातही त्यांनी ताईंच्या केसांना इतक्या काळजीनं हात लावला नसेल. ताई लाजल्या, हे मी स्वतः पाहिलं.

कड्या बसल्या, तोळा तोळा तेल गेलं, बोल्ट आवळले. यावेळी एकही नट उरला नाही. मला वाटलं संपलं. पण भाऊजींचं गाव काटोलकडचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि हात जोडून उद्याच्या जेवणाचं आवतन, म्हणजे निमंत्रण, द्यायचं, अशी ही खांदशेकणी. गावच्या शेतात आता ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत. भाऊजी आत गेले आणि तूप-हळदीची वाटी घेऊन आले.

"अहो, घरचं तूप हाये ते," ताई म्हणाल्या. "लोखंडाले काय समजते?"

"त्याले नाही समजत, मले समजते." फोर्क हँडलला मिळतो तिथं, सायकलच्या खांद्यावर, त्यांनी तूप-हळद चोळली, हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रेवा दारात उभी होती. तिनं बॅग ठेवली आणि काही न बोलता हँडलवर दोन्ही हातांनी जोर दिला. फोर्क खाली गेला आणि तसाच मऊ वर आला. तिनं पुन्हा दाबलं. मग बाटली पाहून, तोळ्याची हकिकत ऐकून ती फरशीवर बसून हसली. टेन वेट म्हणजे वजन नव्हे, तेलाचा दाटपणा, असं तिनं सांगितलं. "पण बाबा, बरोबर पडलं माप," ती म्हणाली. "याले जवळपास एवढंच लागते." भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शंका मीच घेतली होती.

पोळ्याच्या पहाटे बापलेक गोरेवाड्याला जाऊन आले. चहा पिताना रेवा म्हणाली, "बाबा, इतकी मस्त चालून राहिली, मी पुण्याले घेऊनच जाते." भाऊजी म्हणाले, "ने ना. तुहीच हाये." स्टेशनवर खोक्यात बांधलेली सायकल त्यांनी एकट्यानं धरली होती. मी हात पुढं केला तर म्हणाले, "राहू द्या, भाऊ."

पुढच्या पोळ्याला रेवाला रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी तिनं व्हिडिओ कॉल करून मोबाइल सायकलपुढं धरला. हळद तिनं लावली होती. भाऊजींनी इकडं नागपुरात गॅलरीत उभं राहून हात जोडले आणि आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी मला फोन आला, "भाऊ, या जेवाले. पान वाढून ठेवलं हाये." सायकलसाठी वाढलेल्या पानावर मी जेवायला बसलो. पुरणपोळी होती, वडे होते, कढी होती. गॅलरीच्या फरशीवर त्या सर्विसिंगच्या तेलाचा डाग आहे, तो ताई पुसत नाहीत. भाऊजी मला तूप वाढत होते, वाढता वाढता थांबले. "धरा बरं जरा," म्हणाले, आणि वाटी माझ्या हातात देऊन गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी धरून बसलो.