वडिलांचा डावा डोळा

वडील, आमचे दादा, वारले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. त्यात डोळे मिटलेले आहेत. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला आईला त्यांचा चेहरा हवा होता. मी पुण्यात वर्तमानपत्राची पानं लावायचो, फावल्या वेळात टॅब्लेटवर चित्रं काढायचो. काम माझ्याकडे आलं.

गावी, मढला गेलो. ओटीवर बसून आई सांगत गेली, मी रेघा मारत गेलो. नाक तीनदा पुसून पुन्हा काढलं. भात झोडताना वडिलांच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं होतं, तेव्हापासून तो बारीक राहिला. किती बारीक, यावर दुपार गेली.

"आजून मिटव. हां. जरा उघड." शेवटी म्हणाली, "बास. आता हात लावू नको. बघत्यात माझ्याकडं."

पुण्यात आल्यावर मी रेघांखाली सपाट रंग भरले. उजेड उजवीकडून धरला, सावल्या टाकल्या, कडा मऊ केल्या. मग चित्र आरशात दिसावं तसं उलटं केलं. नजर सरावली की चुका दिसत नाहीत, उलट्या चित्रात त्या वर येतात. एक डोळा चुकलेला दिसला. मी तो दुसऱ्यासारखा केला. तो डोळा मी लहानपणापासून रोज पाहिला होता.

चित्र पुन्हा सुलटं केलं, छपाईला पान पाठवताना करतो तसे रेघांचे, रंगांचे सगळे थर एकत्र केले आणि फाइल ठेवून दिली. स्केच वेगळं उरलं नाही.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी फ्रेम घेऊन गेलो. आईने पदराने काच पुसली.

"ह्ये पावणं कुठलं म्हनायचं?"

"आई, दादा आहेत."

"लई देखणं केलंस रं. आसं आसतं तर माझ्या बापानं हुंडा जास्त दिला आसता."

चुलती हसली. आई हसली नाही. "डोळा कुठाय त्यांचा?"

वेळ नव्हता. तीच फ्रेम लागली, तिलाच हार घातला.

महिनाभराने टॅब्लेट घेऊन पुन्हा ओटीवर बसलो. डोळा नव्याने काढला, विचारलं, एवढा? की अजून बारीक? आईने भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं.

"आता नाय सांगता येत," ती म्हणाली. "रोज बघून बघून आता त्योच म्होरं येतो."