ताराने चारा खाल्ला

आमचं शेवटचं बोलणं घोडीवरूनच झालं. दुसऱ्या कशावरून होणार होतं म्हणा! जळगावच्या दवाखान्यात खाटेवर पडल्यापडल्या आमचे हे मला म्हणाले, "घर जाय. ताराले देख. तिनी खादं का नही ते सांग." मी म्हटलं, "तुम्हाला बघू का घोडीला?" तर डोळेच मिटून घेतले. मुलगा जवळ होता, म्हणून निघाले. भडगावच्या स्टँडवर एसटीतून उतरते न उतरते तोच त्याचा फोन आला. आई, बाबा गेले... महिना उलटून गेला, पण स्टँडवरून घरी कशी पोचले ते अजून आठवत नाही.

गाव त्यांना भाऊ म्हणायचं. लग्नात नवरदेवाला बसायला घोडी लागते, ती आमच्याकडची. गौरी आणि तारा, दोन्ही पांढऱ्या. धुळ्यापासून भुसावळच्या रेल्वे कॉलनीपर्यंत यांच्या घोड्या नाचल्या. पण एक मोठी अडचण होती, जायच्या तर दोघी मिळूनच. गौरीला एकटीला वरातीला नेलं की तारा इकडे दावं ओढायची, घामानं निथळायची, खिंकाळून खिंकाळून गल्ली डोक्यावर घ्यायची. मग नवरदेव एकीवर आणि दुसरी नुसतीच मागे चालतेय, असा थाट! लोक विचारायचे, ही कुणासाठी? हे म्हणायचे, "ही करवली शे."

पोटशूळानं गौरी गेली आणि तारानं अन्न सोडलं. बरगड्या दिसायला लागल्या. यांनी तिच्याजवळ गोठ्यात अंथरूण टाकलं, हातानं एकेक घास भरवला. घोडी वाचली, पण आता तिला गौरीच्या जागी हे लागायला लागले. हे नजरेआड झाले की संपलं. सोयऱ्याच्या दारावर जायची सोय राहिली नाही. मी चिडून म्हणायचे, "सवत परवडली, निदान घराबाहेर तरी सोडते!" त्यांना मात्र मनातून बरं वाटायचं. मला दिसायचं ना ते!

मग एक दिवस पाहते तर हे कडब्याच्या गंजीमागे दडून बसलेले. थोड्या वेळानं बाहेर आले, तिच्या मानेवर हात फिरवला, पुन्हा दडले. म्हातारपणी लपाछपी! मी हसले तर ओठांवर बोट ठेवलं. पुढे गंजीमागून कुंपणाबाहेर, तिथून नाल्यापर्यंत... रोज थोडं लांब. ती ओरडायला लागण्याआधी परत यायचे. एखाद्या दिवशी ओरडलीच, तर ती गप्प होईपर्यंत जिथे असतील तिथे थांबायचे. जीव कासावीस व्हायचा त्यांचा, पण हलायचे नाहीत. ओरडल्याबरोबर पळत का जात नाही विचारलं, तर म्हणाले, "ती आरडनी आन् मी पयत उनू, तं तिले वाटी आरडं की मानूस येस. उगी ऱ्हायनी की मंगच जावानं."

त्यानंतर लगाम माझ्या हाती आला. आयुष्यात मी घोडीला हात लावला नव्हता. मला तिला घेऊन गिरणा नदीपर्यंत जायला लावायचे आणि स्वतः ओट्यावर बसून राहायचे. सुरुवातीला तारा चार पावलं चालली की मान मागे वळवायची. मग हळूहळू वळेनाशी झाली. मी तिच्या कपाळावर हात फिरवला तर ओट्यावरून आवाज आला, "तू बी जास्त जीव लाऊ नको वं!"

आता मला राग आला. म्हटलं, हा काय खेळ मांडलाय? तेव्हा कुठे खरं सांगितलं. काळजाचं दुखणं होतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं आणि यांनी ते घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. "मी नही ऱ्हायनू तरी तिनी खावाले पायजे," म्हणाले. मी म्हटलं, "आन् मन्हं काय?" हसले. म्हणाले, "तू मानूस शे. तुले समजस."

त्यांना घरी आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. माझं सगळं लक्ष गोठ्याकडे. वाटत होतं, आता ही दावं तोडणार, आता टाहो फोडणार. तिरडी उचलली तशी तारानं कान टवकारले, मान वर केली, फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिली. आणि मग खाली मान घालून कडबा खायला लागली. कुणीतरी म्हणालं, काय दगडाची घोडी आहे! दगडाची कसली? त्यांनी शिकवलं होतं ते ती चोख करत होती. ते जिंकले होते. आणि मला वाटत होतं, अगं बाई, एकदा तरी खिंकाळ ना... कुणाचा तरी आवाज माझ्या आवाजात मिसळू दे.

आता रोज भिजवलेले हरभरे मीच घालते. मुलगा म्हणतो, घोडी सोयऱ्याकडे देऊ, तू माझ्याकडे चल. बघू. तारा कुणाकडेही राहील आता, तिची काळजी नाही. संध्याकाळी तिला खाणं घालून मी गंजीमागे जाऊन उभी राहते. तिथं बसून बसून त्यांच्या पाठीनं कडब्यात खळगा पडलाय, तो अजून तसाच आहे. त्यात हात ठेवून मी "अहो" म्हणते. हळूच म्हणते. घोडीच्या कानावर जायला नको.