जीभ दाखवा, पोट्टेहो!

स्वातंत्र्य दिल्लीत आलं असेल. आमच्या आंजी गावच्या शाळेत ते रोज पोरांच्या जिभेवर तपासलं जाई, आणि तपासणारे होते आमचे कवायतीचे मास्तर. पोरांची तब्येत तीच देशाची तब्येत, असं त्यांचं म्हणणं. मी ठासून सांगतो, देशाची इतकी काळजी एकाही पुढाऱ्याने वाहिली नाही. प्रार्थना संपली की सारी रांग जीभ बाहेर काढून उभी राही. मास्तर गुडघ्यांवर हात टेकून एकेकापुढे वाकत. जीभ पांढरी दिसली की विहिरीवर जाऊन तांब्याभर पाणी प्यायचं आणि मैदानाला फेरी मारायची. चहा त्यांना गोऱ्या साहेबापेक्षा वाईट वाटे, आणि बिडी चहापेक्षाही. "काऊन बे, बंडीवाल्यासंगं झुरके मारून राह्यला का?" असं वास घेऊन विचारत, आणि कधी चुकत नसत. पण एखादा उपाशी आलेला असला, घरी मार खाऊन आलेला असला, तर तेही त्यांना जिभेवरच दिसे. त्याला फेरी नसे. त्याला ते आपल्या घरी मास्तरीणबाईंकडे भाकर खायला धाडत.

त्या वर्षी मास्तरांची नोकरी पक्की व्हायची होती आणि सारं डिप्टीसाहेबांच्या शेऱ्यावर होतं. साहेब तपासणीला आले. प्रार्थना संपली, साहेब रांगेपुढे येऊन उभे राहिले, आणि सवयीने साऱ्या शाळेने त्यांना जीभ दाखवली.

हेडमास्तरांनी डोळेच मिटून घेतले. "ये क्या बदतमीजी है?" साहेब गरजले.

मास्तर पुढे झाले. "चिडवून नाई राह्यले साहेब, तब्येत दाखवून राह्यले." इथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण साहेबांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मास्तरांनी वाकून आत पाहिलं. "चहा लय होते तुमचा, साहेब. पाणी पेत जा."

नोकरी पक्की झाली नाही. पुढच्या वर्षी शाळा उघडताच, तशीच कच्ची नोकरी घेऊन त्यांना हिंगणीला जावं लागलं.

त्यांच्या सामानाची बैलबंडी निघाली तेव्हा कुणी न सांगता आम्ही रांग लावली. सकाळपासून ओढ्याकाठची जांभळं खात त्यांची वाट पाहत होतो. साऱ्यांच्या जिभा जांभळ्याशार. पांढरी काय नि गुलाबी काय, काहीच दिसायची सोय नव्हती. तरी मास्तर एकेकापुढे वाकले, नेहमीसारखंच नीट निरखून पाहिलं आणि प्रत्येकाला म्हणाले, "साफ आहे."

खोटं बोलणाऱ्या पोराला त्यांनी कधी सोडलं नव्हतं. त्यांचं हे खोटं मात्र आम्ही निमूट ऐकून घेतलं. बंडी वळणाआड गेल्यावर सारे विहिरीवर गेलो, तांब्याभर पाणी प्यालो आणि मैदानाला फेरी मारली.