चार बोटं जास्त

“सैल झालेलं आत घेता येतं, तंग झालं की गिऱ्हाईकही रडतं आणि शिंपीही.”

हे वाक्य ऐकवत शिंप्यानं चाळीस वर्षं कपडे शिवले आणि एकही कपडा परत आला नाही. मग डोळ्यांनी दगा दिला, दुकान बंद झालं. हात मात्र बंद होईनात. सकाळी उठून तो घरातल्या पडद्यांची लांबी मोजायचा. रोज तीच भरायची.

बायको वैतागली होती. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ धावून आला. त्याची शिडाची नौका किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात नांगरलेली असे. तिथवर जायला छोटी होडी हवी होती. अशी होडी प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेनं शिवून करतात, हे कळताच शिंपी म्हणाला, “शिवायचीच ना? मग दुसरीकडे कशाला जातोस?”

मेहुण्यानं एक काठी आणून दिली. “दाजी, होडी ठेवायला डेकवर एवढीच जागा आहे. बोटभरही जास्त नको. नाही बसली, तर मी सरळ रबरी घेणार.”

“रबरी!” शिंप्यानं शिवी ऐकल्यासारखं तोंड केलं.

दोन महिने बंद दुकानात खडू, करवत आणि तार चालली. सांध्यांत राळ भरायच्या आदल्या दिवशी मेहुण्यानं काठी लावून पाहिली. होडी चार बोटं जास्त.

“दाजी, काठी धुतली होती का? आटलीय!”

बायकोनं फळ्यांची टोकं निरखली आणि कपाळावर हात मारला. “अहो, लाकडाला कुणी कापडासारखी माया ठेवतं का? दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे! ही काय पुढच्या वर्षी उंच होणार आहे?”

रिकामं दुकान, रिकामी होडी, आणि मध्ये शिंपी. चाळीस वर्षांतलं हे पहिलं परत आलेलं काम.

मग त्यानं मागच्या फळीची तार उसवली, चार बोटांवर खडूची रेघ मारली, करवत चालवली आणि फळी पुन्हा शिवली. काठी नाकापासून शेपटापर्यंत चपखल बसली.

आठवड्यानं राळ सुकली, रंग चढला. मेहुणा हात जोडून म्हणाला, “मानलं, दाजी! रबरी रद्द.” मग पोट सावरत तो होडीत बसला. डावीकडे सरकला. उजवीकडे सरकला.

“पण दाजी... जरा तंगच वाटते हो.”

शिंप्यानं स्वतःच्या गळ्यातली टेप काढून मेहुण्याच्या गळ्यात घातली, चपला पायांत सरकवल्या आणि तो दुकानाबाहेर पडला.