खालचा जबडा

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे की माझी मावशी मेलेल्यांचे दात कॅप्सूलमध्ये भरून ठेवते. खालच्या मजल्यावरचे काका मान आत ओढून, घसा खाकरत सांगतात, "म्हणजे काय आहे ना, मी स्वतः बघितलंय हो. एका गोळीत एक दात. आणि वाजतात!"

आता खरं सांगते. दात आहेत, कॅप्सूलमध्येच आहेत आणि वाजतातही. फक्त ते शार्कचे आहेत. मावशी म्युझियमच्या तळघरात काम करते. काका तिची विसरलेली किल्ली द्यायला एकदा तिथं गेले होते, तेवढ्यावर त्यांनी बिल्डिंग घाबरवली. जुन्या समुद्राच्या तळाचा चिखल धुवायचा, चाळायचा आणि भिंगाखाली दात वेचायचे, हे तिचं काम. तांदळाच्या कणीएवढा दात हरवू नये म्हणून औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल. रस्त्यावरून ट्रक गेला की ड्रॉवरांतले हजारो दात एकदम कुडकुडतात.

शार्कला हाडं नसतात, नुसती कूर्चा, आपल्या कानात असते तशी. मेला की अंग विरून जातं, उरतात दात. मावशीचे शार्क खोल, काळोख्या पाण्यातल्या एका घराण्याचे. खालच्या थरात त्यांचे दात सापडतात, मधल्या लाखो वर्षांत काही नाही आणि वरच्या थरात पुन्हा तेच.

"मधे कुठे गेले होते?" मी एकदा विचारलं.

"कुठे जातील? तिथंच होते," मावशी भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "आपल्याला दिसले नाहीत."

त्यानंतर आठवडाभर मी पलंगाखाली बघितलं नाही.

मी जन्मायच्या आधी मावशीनं या घराण्यातली एक नवी जात जाहीर केली होती. बारीक, सुईसारखे दात. उभ्या आयुष्यात तिनं नाव ठेवलेली ती एकच गोष्ट. माझं नावसुद्धा आईनं तिला ठेवू दिलं नाही. पण त्याच चिखलात रुंद, करवतीच्या पात्यासारखे दातही निघायचे, नेहमी शेजारी शेजारी. ती जात दुसऱ्या कुणीतरी आधीच नोंदवलेली.

यंदा खाणीतून एक दगड आला. त्यात अख्खा जबडा, जो सहसा मिळत नाही. मावशी सुईनं खरवडायला बसली. मधेच थांबायची, दगडाला कान लावायची आणि लाडानं विचारायची, "कोण आहेस गं तू?" मग खरंच उत्तराची वाट बघायची. घरी मी ही नक्कल केली की आई पोट धरून हसते.

वरची रांग मोकळी झाली. सुईसारखी!

"जिंकलीस!" मी ओरडले.

"खालची निघू दे. तीही अशीच निघाली तर माझी जात राहिली. रुंद निघाली, तर दोन्ही दात एकाच तोंडातले. मग आधीचं नाव राहतं, माझं जातं."

आईनं फोनवर हे ऐकलं आणि उसळलीच. "अगं, मग थांब की तिथंच! खालचं राहू दे दगडात. कोण बघायला येतंय?"

मावशीनं दगडाकडे पाहिलं. "इथं एकजण बघतंय, ताई."

मी हसले, पण खुर्ची जरा मागे घेतली.

"बारीकच निघणार," मी म्हटलं. "लाव पैज."

"रुंद," मावशी म्हणाली. "हरलीस तर माझी नक्कल माझ्यासमोर करायची. घरी करतेस ती."

म्हणजे तिला माहीत होतं!

परवा दुपारी सुईखाली एक चपटी कड चमकली. मग तिला चिकटून दुसरी, तिसरी. एकात एक अडकलेली करवत. वर सुया, खाली पातं. मावशीनं सुई खाली ठेवली, ड्रॉवर ओढला आणि आपल्या जातीच्या नावाच्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला लागली.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना," ती म्हणाली. "चल, पैज."

मी वाकले. गार दगडाला कान लावला. तिच्याच आवाजात, लाडानं विचारलं, "कोण आहेस गं तू?"

इतकी हुबेहूब कधीच जमली नव्हती. पण हसलं कुणीच नाही. मग ड्रॉवरांतले सगळे दात एकदम वाजले.

"ट्रक असेल," मावशी म्हणाली.

ट्रकचा आवाज मला तरी आला नाही.