ळ नसलेला आवाज

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, भुसावळजवळच्या एका खेड्यात. नवरा रेल्वेत होता. त्याची बदली जयपूरला झाली आणि आम्ही इथलेच झालो. तो वारला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा एकच. तो इथे जन्मला, हिंदी शाळेत शिकला, आणि त्याला ळ म्हणता येत नव्हता. भुसावळला भुसावल म्हणायचा. मी एक द्यायचे पाठीत, तर म्हणायचा, स्टेशनच्या पाटीवर हिंदीत तसंच लिहिलंय. ते खरंच होतं, म्हणून दुसरी बसत नसे.

मोठा होऊन तो कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर आणि घरी आला की पुन्हा कॉम्प्युटर. दोन-चार मुली बघितल्या, जमलं नाही, तो विषय संपला. घरी तो जे करायचा त्याचे कोणी पैसे देत नव्हतं. हौस म्हणून करायचा. गच्चीवरची टाकी भरली की स्वयंपाकघरात घंटी वाजेल असं त्याने केलं. पहिले काही दिवस कबूतर बसलं तरी घंटी वाजायची आणि मी जिने चढून जायचे. मग चतुर्थीच्या चंद्राचं केलं. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर महाराष्ट्रातलं, त्यात चंद्रोदयाची वेळ तिकडची, ती इथे जुळत नाही. त्याने जयपूरची वेळ काढणारा प्रोग्राम लिहिला आणि माझ्या फोनवर दर संकष्टीला ती यायला लागली. उपास सोडायला मशीन लागतं का, असं मी म्हटलं. पण बघत होते त्याच वेळेकडे.

मग एक दिवस त्याच्या हातून कप पडला. पुन्हा पडला. डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि काय काय जाईल तेही सांगितलं. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. यावर औषध नाही हेही सरळ सांगितलं. फिरवून फिरवून सांगितलं नाही, तेवढं बरं केलं.

त्या आठवड्यात त्याने ब्लॉग सुरू केला. ब्लॉग म्हणजे काय ते मी विचारलं. म्हणाला, आपण जे केलं ते लिहून ठेवायचं, कोणीही येऊन वाचावं, वापरावं. मी म्हटलं, तुझी टाकीची घंटी कोण वाचणार? म्हणाला, कोणी नाही वाचलं तरी चालतं. पहिलं लिखाण चंद्रावर होतं, इंग्रजीत. ते कोणीच वाचलं नाही, हे त्याने मला हसत सांगितलं.

दुसरं काम त्याने आपल्या आवाजाचं काढलं. जीभ जाण्याआधी रोजची वाक्यं आपल्या आवाजात भरून ठेवायची आणि नंतर पडद्यावर बोट ठेवलं की मशीन ती बोलेल. खोली बंद करून तो बोलत बसायचा. हिंदीतली वाक्यं, इंग्रजीतली, आणि घरासाठी मराठी. मी दाराबाहेर भाजी निवडताना ऐकायचे. जवल ये. वेल झाली. केळं मागायचं तर केलं म्हणायचा. मी आत जाऊन सांगितलं, आता कायमचं भरतोयस तर ळ तरी नीट म्हण.

"तुला समजतं ना मतलब?" तो म्हणाला. "बस. मला तुझ्याशीच बोलायचंय."

मला समजत होतंच. जन्मभर समजत आले होते. मी भाजीकडे परत गेले.

काही महिन्यांत आवाज गेला. उजव्या हाताचं एक बोट राहिलं. चाकांच्या खुर्चीच्या हातावर पडदा बसवला होता, त्यावर चौकोन, चौकोनात शब्द. मराठीचं पान वेगळं, हिंदीचं वेगळं. दिवसा त्याला उचलायला, बसवायला एक माणूस ठेवला होता, सांगानेरकडचा. माणूस चांगला होता, हात हलका होता. मुलाला भैया म्हणायचा, मला माताजी.

एका दुपारी मी औषधं आणायला गेले. मुलगा डुलकी घेत होता, म्हणून त्याला सांगितलं नाही. जागा झाला तेव्हा त्याला वाटलं मी स्वयंपाकघरात आहे. त्याचा पाय खुर्चीच्या पावलाखालच्या पट्टीवरून घसरला आणि घोट्यापाशी मुरगळून अडकला. अंगावर चादर होती, वरून काही दिसत नव्हतं. मराठीचं पान उघडं होतं. त्याने तिथला एक चौकोन दाबला. त्यावर लिहिलेलं होतं, 'आई, कळ'. लहानपणी पोट दुखलं की मी विचारायचे, कळ येतेय का? तोच शब्द त्याने ठेवला होता. पण बोलणार त्याचाच आवाज. मशीन म्हणालं, आई, कल.

मी आले तेव्हा तो माणूस समोर स्टुलावर बसला होता. म्हणाला, माताजी, भैया केव्हाचे एकच सांगतायत, आई कल, आई कल. मीही म्हणतोय, "हाँ भैया, आई थी कल।"

हिंदीत आई म्हणजे आली आणि कल म्हणजे काल. आदल्या दिवशी व्यायाम करवणारी बाई येऊन गेली होती. त्याला वाटलं, भैयाला तिची आठवण येतेय. म्हणून त्याने थोडी थट्टाही केली होती, परत बोलावू का म्हणून.

मी मुलाकडे बघितलं. चेहरा हलणं तेव्हा थांबलंच होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते एरवीही वाहायचं. मी चादर काढली. घोटा वांग्यासारखा झाला होता. त्या माणसाने कपाळावर हात मारला आणि खाली बसला. त्याचा दोष नव्हता. मशीन जे बोललं ते त्याने ऐकलं. त्याच्या गावच्या बोलीत ळ आहे, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. शहरात कामाला आल्यापासून तोही ल बोलतो.

पाय बरा व्हायच्या आत मुलाने ते काम पुन्हा उघडलं. मला राग आला. एक बोट उरलंय, तेही किती दिवस कोणास ठाऊक, आणि ते एका अक्षरावर घालवायचं? मी म्हटलं, दुखतंय असं ठेव, त्यात ळ नाही. नाहीतर दर्द ठेव, सगळ्यांना समजेल. तो अक्षर अक्षर दाबत राहिला. मी भांडी घासून आले तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं.

"दुखणं रोजचं आहे. कळ वेगळी."

आता त्याला कळ नीट म्हणून दाखव म्हणणं शक्य नव्हतं. त्याने पुढे लिहिलं, "तू म्हण."

म्हणून मी म्हटलं. मे महिना होता. आवाज येतो म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. मी घामाने भिजून त्या माईकसमोर बसले आणि शाळेत पहिलीला म्हणतात तसं म्हणत गेले. कळ, बाळ, डाळ, वेळ, जवळ, सकाळ. छज्ज्यावर कबूतर घुमायचं, की पुन्हा. गल्लीत भाजीवाला ओरडायचा, की पुन्हा. शेवटी कळ चांगलं आलं, आणि तेवढ्यात मुलगा खोकला. त्याने डोळ्यांनी खूण केली, पुन्हा. मी म्हटलं, आता पुरे. माणसाच्या घरात खोकला असतोच. मी पंखा लावला.

मग तो माझा ळ कापून आपल्या शब्दांना जोडत बसला. त्या माणसाने त्याचा हात धरून ठेवायचा आणि याने बोट हलवायचं. तयार झालं तेव्हा मशीन म्हणालं, आई, क, हे त्याच्या आवाजात, आणि ळ माझ्या. मागे खोकल्याचं शेपूट. माणसाला हसू आवरेना. म्हणाला, भैयाच्या तोंडात माताजी जाऊन बसल्या. मुलाचे डोळेही हसले असावेत. मीही हसले.

हे सगळं त्याने ब्लॉगवर लिहिलं, या वेळी मराठीत. कळ सोडून बाकी जिथे ळ हवा तिथे ल लिहिला होता. मी माझ्या फोनवरून दुरुस्त केलं. कसं करायचं ते त्याने आधीच लावून दिलं होतं. खाली त्याने सगळे आवाज ठेवले, कोणालाही घेता येतील असे. दोन ओळींत लिहिलं होतं, मराठी घरात जन्मलेले पण ळ न शिकलेले अजून कोणी असतील, त्यांचीही जीभ जाईल.

तो ळ पावसाळाभर कामाला आला. आई, कळ, असं ऐकू आलं की मी जाऊन पाय सरळ करायचे, कूस बदलायचे, घशातलं काढायचे. तेवढंच काम होतं त्या ळचं आणि तेवढं त्याने केलं. दिवाळीच्या सुमारास बोट थांबलं. डोळ्यांनी चालणारं काही जोडायचं ठरवलं होतं, ते अर्धं राहिलं. त्यानंतर तो काहीच सांगू शकत नव्हता. त्याला कळ येत होती की नव्हती, मला माहीत नाही. मी अंदाजाने पाय हलवत राहिले. थंडीत तो गेला.

खुर्ची देऊन टाकली. टाकीची घंटी अजून वाजते. ब्लॉग मी बंद केला नाही, कारण बंद कसा करतात ते मला येत नाही.

परवा त्यावर एका बाईने लिहिलंय. तिच्या नवऱ्याला हाच आजार आहे, तोही महाराष्ट्राबाहेर वाढलेला. तुमचे आवाज वापरले, फार उपयोग झाला, आभार. पुढे लिहिलंय, पण कळ या शब्दामागे कोणीतरी खोकतंय. काकू, तेवढा शब्द स्वच्छ भरून द्याल का?

मला भरता येईल. माईक कपाटात आहे, घसा शाबूत आहे, खोलीत आता खोकणारं कोणी नाही. दोन दिवसांनी लिहिलं, दुसरा नाही. खोकल्यासकट चालत असेल तर घ्या.