बिनटोकाचे चाकू

मॅनेजरने पिशवी उलटी केली आणि माझे तेवीस चाकू त्याच्या टेबलाच्या काचेवर खडखडत पडले. दोन घरंगळून खाली गेले. ते मी वाकून उचलले. वाकलो याचा राग मला अजून येतो.

"आ शुं छे, मास्टर?" त्याने विचारलं.

काय आहे ते त्याला चांगलं माहीत होतं. लाकडी मुठीचे, घडी होणारे, खिशात मावणारे साधे चाकू. माझ्या खात्यातल्या चेकर लोकांच्या खिशांतून त्याने वॉचमनकरवी काढून घेतले होते. मला न विचारता. मी त्या खात्याचा मास्टर होतो, म्हणजे निदान तसा समज माझा होता.

गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवची, सुरतेजवळच्या कडोदऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमधली. प्रोसेस हाउस म्हणजे दुसऱ्याचं कोरं कापड घ्यायचं, रंगवायचं, छापायचं आणि परत द्यायचं. माझं खातं फोल्डिंगचं. तिथे कापड सगळ्यात शेवटी येतं. चेकर ते उजेडाच्या टेबलावरून ओढत जातो. डाग किंवा विणीतला दोष दिसला की किनारीला चाकूने खाच देतो आणि टर्रकन फाडून तेवढा तुकडा बाजूला टाकतो. मग मीटर-मीटरच्या घड्या पडतात, त्याला म्हणायचं ताका. दहाबारा ताके एकावर एक ठेवून वर जाड कापड गुंडाळतात आणि सुतळीने शिवतात. झालं पार्सल.

कंपनी चेकरला जो चाकू द्यायची, तो नुसता पत्रा होता. दुपारपर्यंत हाताला फोड. आणि मला होता नाद. चौक बाजारच्या फुटपाथवर, कुलपं नि नेलकटर विकणाऱ्यांच्या चादरीवर स्वस्तातले लाकडी मुठीचे चाकू मिळायचे. दर सुटीला मी एकदोन आणायचोच. घरी ट्रंकेत एक्केचाळीस जमले होते. आमची ही आल्यागेल्याला सांगायची, "भाजी चिरायला घरात एक धड सुरी नाही, आणि यांच्याकडे शस्त्रागार आहे."

चाकू आणून मी नुसते ठेवायचो नाही. मूठ तासायची, काचकागदाने घासायची, अळशीचं तेल पाजायचं. पातं डुगडुगत असेल तर खिळा काढून आत पितळी वायसर बसवायचा. चेकर लोकांसाठी करायचो तेव्हा आणखी एक काम. मिलच्या ग्राइंडरवर पात्याचं टोक घासून गोल करायचं. टोक असलं की कापड ओढताना चाकू सटकून चांगल्या भागात घुसतो. बिनटोकाचा चाकू किनारीपासून लोण्यासारखा कापतो, पण कापडाच्या मधोमध भोक पाडायला सांगाल तर त्याला ते जमतच नाही. असे तेवीस चाकू तेवीस माणसांच्या पंजांच्या मापाने केले होते. माझ्या नोकरीत मी अभिमान बाळगावा अशी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती नोकरीत धरलेली नव्हती.

तर मॅनेजर. नाव नवीनभाई. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या एका पार्टीने, म्हणजे व्यापाऱ्याने, अकरा ताके परत पाठवले होते. प्रत्येकात मधोमध चिरा. शेठने नवीनभाईला झापलं. नवीनभाईने ते झापणं खाली आमच्याकडे ढकललं.

"ग्यारह के ग्यारह ताके सात नंबर के हैं," तो म्हणाला.

ताक्याला चेकरच्या नंबरची चिठ्ठी असते. सात नंबर म्हणजे सुकलाल. आमच्याच खानदेशातला, अमळनेरकडचा. आधी लूमवर होता, तिथे उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. त्यानंतर अकरा वर्षं आमच्याकडे चेकर. त्याच्या टेबलावरून आलेला माल मी परत बघायचो नाही. पन्नाशी ओलांडलेली. अर्ध्या बोटाच्या, पन्नाशीच्या माणसाला सुरतेत दुसरा कोणी चेकर म्हणून ठेवणार नाही, हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं आणि नवीनभाईलाही माहीत होतं.

"सोमवार से उसको छुट्टी," नवीनभाई म्हणाला. "लेटर टाइप हो गया है. और तुम्हारा ये चाकू-बाकू का शौक घर पे रखो. मिल है, कसाईखाना नहीं."

मी काय केलं? मी "जी" म्हणालो. वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज यायचा की डोक्याला विचारायचीही गरज पडायची नाही. बाहेर आल्यावर संताप चढला. माणूस खरा संतापी असता तर तो आतच चढला असता.

सुकलाल दाराशीच उभा होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण रिकाम्या खिशावरून त्याला समजलं होतं. त्याने अर्धं बोट पुढे केलं. त्या बोटासाठी मी त्याच्या चाकूच्या मुठीला खोलगट वळण दिलं होतं.

"भाऊ, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "मनी सुरी भोक पाडस का?"

म्हणजे, माझी सुरी भोक पाडते का. मला उत्तर येत होतं. तरी मी म्हटलं, बघतो. कारण मनात एक घाणेरडी शंका होती. तेवीसमधल्या एखाद्याचं टोक घासायचं मीच विसरलो असेन तर?

पिशवी माझ्याच ताब्यात होती. घेऊन जा म्हणून नवीनभाईनेच माझ्या अंगावर टाकली होती. मी तेवीसच्या तेवीस पाती उघडून बोटाने तपासली. सगळी गोल. सुकलालचा चाकू घेऊन मी ताणलेल्या कापडावर जोर लावून रेटला. कापड खोलगट झालं, भोक पडलं नाही. मग परत आलेला एक ताका टेबलावर उलगडला.

आता हे नीट सांगतो, कारण सगळा निकाल इथेच लागला. चेकरच्या टेबलावर कापड एकेरी असतं. तिथे चाकू लागला तर एकच चीर पडेल. या ताक्यात चार होत्या. पहिली बोटाच्या पेराएवढी. दुसरी तिच्याहून लहान. तिसरी तांदळाएवढी. चौथी म्हणजे नुसतं टोचल्यासारखं. चारही किनारीपासून तंतोतंत तेवढ्याच अंतरावर. मी कापड पुन्हा घडीवर घडी ठेवत गेलो, तर चारही चिरा एकमेकींवर येऊन बसल्या. मोठी सगळ्यात वर.

म्हणजे घड्या पडल्यानंतर कोणीतरी वरून भोसकलं होतं. सुकलालच्या हातून कापड कधीच सुटलं होतं. दुसरा ताका उघडला, तिसरा उघडला. तेच.

पण घड्या पडल्यावर फक्त गुंडाळणं आणि शिवणं. तिथे सुई असते, चाकू नसतो. भोसकलं कोणी? आणि अकरा वेळा सात नंबरच्याच ताक्याला कसं? सुकलालवर कोणाचा डूख असेल म्हणावं, तर तो माणूस इतका गरीब की डूख धरणाऱ्यालाही कंटाळा यावा.

संध्याकाळी जेवताना मी तणतणत होतो. भाजीत मीठ जास्त आहे यावरून सुरुवात करून मी नवीनभाईच्या खानदानापर्यंत पोचलो होतो. म्हटलं, मी केलेल्या एकाही चाकूला टोक नाही, आणि हा मला कसाई म्हणतो.

"एकाला होतं," ही म्हणाली.

"कोणत्या?"

"माझं शिसवी लाटणं तडकलं, तर त्याची मूठ केलीत तो. दिवाळीला साहेबांना दिलात. देण्याआधी मी त्याने दुधी चिरला, तर अंगठ्यात घुसला. एवढं टोक कशाला ठेवलंत विचारलं, तर म्हणालात, साहेबाच्या हातात बोथट नाकाचा चाकू शोभत नाही." थोडं थांबून म्हणाली, "लाटणं अजून नवीन आलेलं नाही."

मला गोडाउन आठवलं.

दर आठवड्याला नवीनभाई पाहुण्यांना गोडाउनमध्ये न्यायचा. नव्या पार्ट्या, त्यांचे एजंट. माल दाखवायला तयार पार्सल उघडायचं. त्याची रीत म्हणजे सुतळीची शिवण उसवायची. नवीनभाई एवढी वाट बघणाऱ्यातला नाही. तो खिशातून माझा चाकू काढायचा, खटकन उघडायचा, पार्सलच्या पोटात खुपसायचा आणि वरचं जाड कापड टरकावायचा. पाहुणे चाकूकडे बघायचे. मग तो म्हणायचा, "हमारे मास्टर ने हाथ से बनाया है." पार्सल नंतर परत शिवलं जायचं.

हे मी पाहिलं होतं. एकदा नाही, चारपाच वेळा. शेजारी उभा राहून पाहिलं होतं. आणि प्रत्येक वेळी माझी नजर होती त्या शिसवी मुठीवर, तिला काय झळाळी आलीय यावर. पातं आत किती जातंय हे बघायला मला फुरसत नव्हती.

सात नंबरचं कोडंही तिथेच सुटलं. पाहुण्यांना दाखवायला पार्सल कोणतं उघडायचं? सगळ्यात चांगलं. त्याच्यावर नंबर कोणाचा असणार? नवीनभाई स्वतः ओरडायचा, "सात नंबर वाला निकालो." सुकलालचं काम खात्यात सगळ्यात चोख, म्हणून त्याच्याच मालाला भोकं पडली आणि म्हणूनच त्याची नोकरी जायला निघाली होती. हे लक्षात आलं आणि मी ताट सरकवून उठलो. निम्मा राग नवीनभाईवर, निम्मा माझ्यावर. कोणता निम्मा जड होता ते सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन ताके काखेत मारून केबिनमध्ये गेलो. वाकलो नाही. ताका टेबलावर ठेवला, चार चिरा दाखवल्या, घडी घातली, एकावर एक बसवून दाखवल्या. तो फोनच्या वायरशी खेळत ऐकत होता. मग मी म्हटलं, "नवीनभाई, आपका चाकू देना."

त्याने सवयीने काढून दिला. मी पातं उघडून वरच्या चिरेत घातलं. चिमटीत धरून सरळ खाली. चौथ्या घडीला नेमकं टोक टेकलं. आणखी सांगायची गरज नव्हती. एवढ्या मापात मी स्वतःचे कपडेसुद्धा कधी शिवून घेतले नाहीत.

तो उठला. त्याने केबिनचं दार लावलं.

"चाकू तो तुमने बनाया," तो म्हणाला.

ते खरंच होतं. पण या वेळी तोंडून "जी" आलं नाही. मी म्हटलं, "बनाया मैंने. घुसाया किसने, वो शेठ को मैं बताऊं या आप?"

त्याने खणातून टाइप केलेलं लेटर काढलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. पार्टीला काय सांगायचं ते मी बघतो म्हणाला. फोल्डिंगच्या मशीनला खिळा वर आला होता, असं काहीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, सुकलालला बोलवून दोन शब्द बोला. अकरा वर्षं इथे काम केलेल्या माणसाच्या खिशात वॉचमनचा हात घातलात.

"नोकरी रही ना उसकी?" तो म्हणाला. "बात खतम."

त्याच्या लेखी ती तिथेच संपली. बाकीचं मला पुढे न्यावं लागलं.

"साहेब, धार उतरली आहे," मी त्याच्या चाकूकडे बघत म्हटलं. "लावून देतो." त्याने हात हलवून जा म्हटलं.

खात्यात जाऊन, कोणाला न विचारता, तेवीस चाकू ज्याचे त्याला दिले. सुकलालने आपला घेतला, अर्धं बोट खोलगट जागेत बसवलं, खिशात टाकला आणि टेबलाकडे गेला. साहेब काय म्हणाले, एवढंही त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग मी वर्कशॉपमध्ये जाऊन ग्राइंडर सुरू केला आणि शिसवी मुठीच्या चाकूचं टोक घासून गोल केलं, बाकी तेवीसांसारखं. धारही लावली. उत्तम लावली, आणि चाकू साहेबाला परत दिला.

दहाबारा दिवसांनी मुंबईची एक पार्टी आली. नवीनभाई त्यांना घेऊन गोडाउनमध्ये आला. "सात नंबर वाला निकालो." चाकू काढला, खटकन उघडला, खुपसला. पार्सलला खड्डा पडला. पुन्हा खुपसला. पाहुणे पार्सलकडे बघत होते, मग त्याच्याकडे. त्याने पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कपाटावरची धूळ बघत होतो.

"सुकलाल को बुलाओ," तो शेवटी म्हणाला.

सुकलाल आला. कोपऱ्यातून सुतळीचा एक टाका उचलला, त्याखाली पातं सरकवलं आणि शिवण शेवटपर्यंत उसवत नेली. अजिबात घाई केली नाही. पाचसहा मिनिटं नवीनभाई आणि मुंबईची पार्टी त्याच्या अर्ध्या बोटाकडे बघत उभी होती. आतल्या कापडाला ओरखडा नव्हता.

त्याची माफी कोणी मागितली नाही, ना तेव्हा, ना नंतर. माझा राग त्यावरचा आहे, आणि तो मी ग्राइंडरवर घासलेला नाही. बाकी त्या प्रकरणातून एवढंच शिकलो की साहेबाला भेट देण्याआधी तो त्याने काय कापणार आहे ते बघावं, आणि मूठ करायला बायकोचं लाटणं घेऊ नये.